नाइट, लेक्चर आणि बाळाची टाच

‘ताई, मी तेहेतीस वर्षांची आहे. बीएस्सी नर्सिंग करून इथल्याच एका खासगी इस्पितळाच्या एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, नऊ वर्षं स्टाफ नर्स आहे. मिस्टर पीथमपूरला शिफ्टमध्ये, मुलगा दुसरीत, सासूबाई घरी असतात. सगळे म्हणतात, एमएस्सी कर आणि कॉलेजात लाग, नाइट तरी सुटतील. शिकवायला मला आवडतं, नवीन लागलेल्या मुली माझ्याच मागेमागे असतात. पण मन अडकलंय दुसरीकडे. आमच्याकडे बाळाच्या टाचेत दिवसातून किती वेळा सुई जाते, शिरेतली नळी, कॅन्युला, तीन-तीनदा घालावी लागते, आणि त्याच्या दुखण्यासाठी कुणी काही करत नाही. बोलले तर उत्तर येतं, “सिस्टर, एवढंसं आहे, विसरून जाईल.” यावर अभ्यास करावासा वाटतो. पण नर्सनं संशोधन करायचं म्हटलं की लोक हसतात. वॉर्ड सोडला तर अभ्यास कशावर करू, आणि नाही सोडला तर शिकू केव्हा? – एक सिस्टर, सुदामा नगर, इंदूर’

अगं सिस्टर, वयानं आणि पेशानंही धाकटी आहेस, म्हणून अगं-तुगंच करते. या सदराकडे सासू-सुनांची पत्रं येतात, घराच्या वाटणीची येतात. टाचेतल्या सुईचं पत्र विरळाच. मी नर्सिंग कॉलेजातच शिकवून निवृत्त झाले, त्यामुळे या वेळी बाकीची पत्रं थांबतील.

आधी ते ‘विसरून जाईल’ निकालात काढू, कारण ते तुला अजून पुष्कळदा ऐकायचं आहे. हे काही तुमच्या डॉक्टरांनी शोधून काढलेलं नाही. १९८०च्या दशकापर्यंत भल्याभल्या देशांत अपुऱ्या दिवसांच्या बाळांची ऑपरेशनं पुरेशी भूल न देता होत असत. हालचाल थांबवणारं औषध द्यायचं, फार तर जोडीला नायट्रस ऑक्साइड हा सौम्य भुलीचा वायू, की झालं. बाळाच्या नसा कच्च्या असतात, त्याला आपल्यासारखं दुखत नाही, शिवाय भूल त्याला झेपणार नाही, असं चांगले शिकलेले लोक मानत होते. अमेरिकेत जिल लॉसन नावाच्या आईला आपलं बाळ गेल्यावर कळलं, की १९८५ मध्ये त्याचं हृदयाजवळचं ऑपरेशन भूल न देताच झालं होतं. ती गप्प बसली नाही, वर्तमानपत्रांपर्यंत गेली.

आणि हा समज शास्त्राच्या अंगानं ज्यांनी मोडला, ते डॉक्टर कंवलजीत सिंग आनंद आपल्या इंदूरच्या एमजीएम मेडिकल कॉलेजात शिकलेले! इथून ते ऱ्होड्स स्कॉलर म्हणून ऑक्सफर्डला गेले. हृदयाजवळची उघडी राहिलेली रक्तवाहिनी बांधायची होती अशी अपुऱ्या दिवसांची बाळं त्यांनी अभ्यासाला घेतली. काहींना नेहमीच्या औषधांबरोबर फेंटानिल हे जोरदार वेदनाशामक दिलं, काहींना नेहमीचंच. फेंटानिल न मिळालेल्या बाळांच्या रक्तात ताणाची हार्मोन्स कितीतरी जास्त चढली, आणि ऑपरेशननंतरच्या अडचणीही त्यांनाच जास्त आल्या. हा निबंध १९८७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. नवजात बाळालाही भूल द्यायलाच हवी, असं निवेदन अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं त्याच वर्षी काढलं. एम. वाय. इस्पितळाच्या आवारातून रोज शेकडो नर्सिंगच्या मुली जातात-येतात, आणि त्यांच्यातल्या फारच थोड्या जणींना हे नाव ठाऊक असतं, याचा मला मनापासून राग येतो. तू कधी वर्गावर उभी राहिलीस तर पहिल्या तासाला हेच सांग.

विसरण्याचं म्हणशील, तर टोरोंटोच्या ॲना टॅडिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये लसीकरणाला आणलेली चार ते सहा महिन्यांची मुलं पाहिली. ज्यांची सुंता जन्मानंतर लगेच, जागा सुन्न न करता झाली होती, ती मुलं लसीच्या सुईला इतरांपेक्षा जास्त कळवळली. सुन्न करणारा मलम लावून ज्यांची झाली होती, ती त्या मानानं कमी. महिने उलटून गेले होते, तरी. हे तुझ्या डॉक्टरांना वाद घालण्याच्या आवाजात सांगू नकोस. राउंड संपल्यावर, चहाच्या वेळी सांग.

आता हसणाऱ्यांकडे वळू. तुमच्या बालविभागाच्या भिंतीवर, किती दुखतंय ते मुलानं बोट ठेवून दाखवावं म्हणून, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत सहा चेहऱ्यांचा तक्ता असेल. तो केला डोना वाँग नावाच्या नर्सनं आणि कॉनी बेकर यांनी. बेकर यांचं काम इस्पितळातल्या मुलांना खेळातून, गप्पांतून सावरायचं. अमेरिकेत टल्सा इथल्या भाजलेल्या मुलांच्या वॉर्डात, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तो तयार झाला. बोलता न येणाऱ्या मुलांचं दुखणं मोजायला जो ‘फ्लॅक’ तक्ता वापरतात (चेहरा, पाय, हालचाल, रडणं, समजूत पटणं, प्रत्येकाला शून्य ते दोन गुण), तो मिशिगनच्या सँड्रा मर्केल, टेरी व्होपेल-लुईस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, १९९७ चा. या दोघीही नर्स. अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठीचा असाच ‘पिप’ तक्ता १९९६ मध्ये कॅनडाच्या बॉनी स्टीव्हन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणला, त्याही नर्स. त्याच्याही आधी, १९७७ मध्ये, आयोवाच्या जोॲन इलंड या नर्सनं एक साधी गोष्ट छापली होती: ऑपरेशन झालेल्या २५ मुलांच्या नोंदी पाहिल्या, तर १३ मुलांना दुखणं थांबवणारं एकही औषध मिळालं नव्हतं. त्यासाठी ना प्रयोगशाळा लागली ना महागडं मशीन. नोंदी वाचायच्या आणि मोजायचं.

या विषयात नर्सेस एवढ्या पुढे का, हे तुला मी सांगायला नको. डॉक्टर राउंडला येऊन जातात. बाळासमोर आठ तास तू असतेस.

दुपारची शुगर घ्यायची आहे असं धर. ‘बेबी ऑफ अमुक’ची पट्टी बघतेस, दुपट्यातून एक पाय बाहेर काढतेस, स्पिरिटचा बोळा फिरवतेस, टाचेच्या बाहेरच्या कडेला लॅन्सेट, म्हणजे टोचायची छोटी सुई. रक्त येत नाही म्हणून टाच दाबतेस, पुन्हा दाबतेस. तेवढ्यात भुवयांच्या मध्ये फुगवटा येतो, डोळे गच्च मिटतात, नाकापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंतची घडी खोल जाते. मॉनिटरवर ठोके चढतात, ऑक्सिजन उतरतो, अलार्म वाजतो. आणि आपण काय करतो? अलार्म दाबून बंद करतो. आता ‘पिप’ काढून बघ. त्यातल्या सात गोष्टींपैकी तीन चेहऱ्याच्या आहेत, आणि त्या नेमक्या याच: भुवया, डोळे, ती घडी. दोन मॉनिटरच्या. उरलेल्या दोन म्हणजे बाळ किती आठवड्यांचं आणि सुईच्या आधी ते झोपलेलं होतं की जागं. तू नऊ वर्षं जे बघत आलीस, त्यालाच कुणीतरी गुण दिलेत, बाकी काही नाही. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही म्हणतात, पण घशात नळी असलेलं बाळ रडणार कसं? तोंड उघडतं, चेहरा पिळवटतो, आवाज फुटत नाही. म्हणून तर चेहरा वाचता यायला हवा.

उपायही बहुतेक आपल्या हातातलेच आहेत. सुई टोचताना बाळ आईच्या अंगावर पीत असेल, किंवा कांगारूसारखं तिच्या छातीशी उघड्या अंगानं बांधलेलं असेल, तर त्याला कमी दुखतं, हे पुन:पुन्हा सिद्ध झालंय. हातपाय गोळा करून धरणं, दुपट्यात गुंडाळणं, यानंही फरक पडतो. साखरेच्या पाण्याचे थेंबही काम करतात, पण ते युनिटच्या लेखी प्रोटोकॉलशिवाय देऊ नकोस. ज्या बाळांना तोंडानं काही द्यायचं नाही, त्यांच्या बाबतीत तर नाहीच. पूर्ण दिवसांच्या बाळात सराईत हातानं शिरेतून घेतलेलं रक्त टाचेपेक्षा कमी दुखवतं, हेही डॉक्टरांच्या कानावर घाल. सुन्न करणारा मलम लावला तर तासभर थांबावं लागतं, आणि सुई कधी आहे हे तासभर आधी युनिटमध्ये कुणाला माहीत असतं? सिस्टरलाच. आपण मात्र पहिलं काम काय करतो, तर ‘बाहेर बसा’ म्हणून आईला दाराबाहेर काढतो. तिला बघवत नाही हे खरंच. पण कित्येकदा आपल्यालाच आपला हात कुणी बघितलेला नको असतो.

आता तुझ्या बेताबद्दल. ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. नाइट नको झाल्या असतील तर ते सरळ म्हण, त्यात लाजण्यासारखं काही नाही. नऊ वर्षं रात्री जागून पाठ आणि झोप दोन्ही जातात. पण नाइट सुटाव्यात म्हणून शिकवायला जाणं ही एक गोष्ट, आणि वेदनेवर अभ्यास करायचा म्हणून जाणं ही वेगळी. पहिल्यासाठी कुठलंही कॉलेज चालेल. दुसऱ्यासाठी कॉलेज पारखून घ्यावं लागेल, आणि आठवड्यातले काही दिवस तरी पाय वॉर्डात राहायला हवेत. माझ्या मते तू दुसऱ्या जातीची आहेस. पहिल्या जातीच्या बायका टाचेबद्दल पत्रं लिहीत नाहीत.

एमएस्सी नर्सिंग दोन वर्षांचं, पूर्णवेळ. पत्राद्वारे होत नाही, आणि ‘हजेरीचं आम्ही बघून घेऊ’ म्हणणाऱ्या कॉलेजाची पायरी चढू नकोस. तुझा विषय चाइल्ड हेल्थ नर्सिंग. त्यासाठी बीएस्सीला ५५ टक्के आणि वर्षभराचा अनुभव लागतो. अनुभव तुझ्याकडे वारेमाप आहे. दिल्लीचं एम्स आणि चंदीगडचं पीजीआय ही या विषयाची मोठी ठिकाणं. पण मुलगा दुसरीत असताना दोन वर्षं लांब राहायचं की नाही, हे मी ठरवणार नाही. इंदुरातच करायचं ठरलं तर प्रवेशाआधी दोन गोष्टी जाऊन बघ. कॉलेजाच्या स्वतःच्या इस्पितळात बालविभाग खरोखर चालतो का, म्हणजे खाटांवर मुलं आहेत का, की पाहणीच्या दिवशीच येतात. आणि तुझी गाइड होणारी बाई आठवड्यातून किती वेळा वॉर्डात दिसते. इमारत, बस, वाय-फाय यांना महत्त्व देऊ नकोस.

हे एवढं बजावतेय त्याला कारण आहे. आपल्या मध्य प्रदेशात नर्सिंग कॉलेजांच्या मान्यतेचं प्रकरण हायकोर्टात गेलं, सीबीआयची चौकशी लागली, २०२४ मध्ये तर चौकशी करणारेच काही जण लाच घेताना पकडले गेले. मधल्या मध्ये हजारो मुलींच्या परीक्षा लटकल्या. तुझ्या हातात एमएस्सीची पदवी पडली, की कुणीतरी गोड बोलून येईल: ‘मॅडम, यायची गरज नाही, फक्त नाव आणि रजिस्ट्रेशन द्या, महिन्याला एवढे.’ नाव द्यायचं नाही. मोठ्या ताईनं सांगितलंय म्हण, वाईटपणा माझ्यावर ढकल. आणि पगाराचं आधीच विचारून घे. खासगी कॉलेजात नव्या ट्यूटरला अनेकदा वॉर्डातल्या सीनियर सिस्टरपेक्षा कमी मिळतं, हे घरच्यांनाही आत्ताच सांगून ठेव.

थीसिसबद्दल मात्र मी हट्टी आहे. आपल्याकडे दहातले निम्मे थीसिस एकाच साच्याचे: ‘अमुक विषयावरील नियोजित शिक्षण कार्यक्रमाची परिणामकारकता’. साठ जणींना प्रश्नावली द्यायची, तासभर शिकवायचं, तीच प्रश्नावली पुन्हा द्यायची, गुण वाढतातच. वाढणार नाहीत तर काय होईल? आणि दुसऱ्या दिवशी वॉर्डात सगळं जैसे थे. ‘नर्सेसचं वेदनेविषयीचं ज्ञान’ असा विषय कुणी गळ्यात मारू लागलं, तर नम्रपणे पण ठामपणे नाही म्हण.

त्यापेक्षा तू जिथे उभी आहेस तिथून सुरुवात कर, तीही एमएस्सीच्या आधी. इन्चार्ज आणि कन्सल्टंट यांची परवानगी काढ आणि पंधरा दिवस फक्त मोज. कुठल्या बाळाला किती वेळा टोचलं, कितव्या प्रयत्नात जमलं, त्याआधी दुखण्यासाठी काही केलं का, आई जवळ होती का. एवढे चारच रकाने. पॅरिस परिसरातल्या युनिट्समध्ये रिकार्डो कार्बाखाल यांच्या गटानं असंच मोजलं होतं, ते २००८ मध्ये छापून आलं. ४३० नवजात बाळं, आणि बाळामागे दिवसाला सरासरी दहाएक दुखवणाऱ्या गोष्टी. त्यातल्या जवळपास ७९ टक्के वेळा आधी दुखणं कमी करणारं काहीही दिलेलं नव्हतं. श्रीमंत देशातली इस्पितळं ही! तुमचा आकडा याहून चांगला निघाला तर अभिमानानं सांगा. नाही निघाला, तर तुझा थीसिस तिथेच सुरू झाला.

मला स्वतःला आणखी एक प्रश्न खुणावतो. झाबुआ, अलीराजपूरहून येणारी पाच-सहा वर्षांची मुलं, ज्यांनी शाळा पाहिलेली नाही, जी घरी भिली बोलतात, त्यांच्यापुढे तो सहा चेहऱ्यांचा तक्ता धरला तर ती ‘मला किती दुखतंय’ ते दाखवतात, की त्यांना आवडलेला चेहरा दाखवतात? की समोर पांढरे कपडे बघून, पुन्हा सुई मिळेल या भीतीनं हसरा चेहरा दाखवतात? हे आपल्या इंदूरसारख्या ठिकाणीच तपासता येईल, टोरोंटोत नव्हे.

नियमांचंही ऐक. बाळांवरचा कुठलाही अभ्यास एथिक्स कमिटीच्या मंजुरीशिवाय सुरू होत नाही, आणि ती मोजदाद पुढे छापायची असली, तर तिच्याबद्दलही कमिटीला आधी विचारायचं. आई-वडिलांची समजून-उमजून घेतलेली संमती लागते. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सात वर्षांवरच्या मुलाचा स्वतःचा होकारही घ्यायचा, बारानंतर लेखी. दोन उपायांची तुलना करणारी ट्रायल असेल, तर पहिलं बाळ घेण्याच्या आधी सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या ट्रायल्सच्या नोंदवहीत, नोंद करायची. ती फुकट असते. आणि एक गोष्ट कमिटीनं खपवून घेतली तरी तू करू नकोस: ज्याचा उपयोग होतो हे माहीतच आहे, ते अर्ध्या बाळांना मुद्दाम न देता ‘बघू किती रडतात’ असला अभ्यास. असे थीसिस अजून होतात. पैसे घेऊन आठवड्यात छापून देणाऱ्या जर्नलांपासूनही चार हात लांब राहा.

वॉर्ड सोडला तर अभ्यास कशावर, असं विचारलंयस. मुळात पूर्ण सोडायचाच नाही. मुलींना क्लिनिकल पोस्टिंगला घेऊन जाणारी बाई वॉर्डातच असते. नव्या अभ्यासक्रमात बालरोग नर्सिंग पाचव्या-सहाव्या सेमिस्टरला येतं. त्या मुली तुझ्या हाताखाली पहिल्यांदा बाळाला सुई टोचणार. लस टोचल्यावर दट्ट्या मागे ओढून रक्त येतंय का बघायचं, हे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये लसीकरणातल्या वेदनेबद्दल जे सांगितलं, त्यात हे ओढणं नको असं स्पष्ट आहे, कारण सुई जास्त वेळ आत राहते आणि जास्त दुखतं. मूल आडवं दाबून धरायचं नाही, आईच्या कुशीत घ्यायचं. अंगावर पिणारं असेल तर पिऊ द्यायचं. एकाच वेळी दोन लशी असतील तर जास्त झोंबणारी शेवटी. तुझ्या एका बॅचनं हे हातात बसवून घेतलं, की त्या मुली जिथे जिथे लागतील, धारला, खरगोनला, तिथे ते आपोआप पोचेल. शिकवण्यात मला खरं सुख याचंच मिळालं. लेक्चरचं म्हणशील तर निम्म्या जणी झोपलेल्या असायच्या.

पीएचडीचा विचार आत्ता नको. पुढे वाटलं तर इंडियन नर्सिंग कौन्सिलचा पीएचडीसाठीचा राष्ट्रीय कन्सॉर्शियम (संस्थांचा गट) आहे, बंगळूरच्या राजीव गांधी आरोग्य विद्यापीठाबरोबरचा, त्याची माहिती काढ.

घरचं थोडक्यात सांगते. मिस्टरांच्या शिफ्ट आणि तुझं कॉलेज यांचं वेळापत्रक एका कागदावर मांडून सासूबाईंसमोर ठेव, आणि मुलाला शाळेतून आणण्याचं काम नेमकं कुणाचं ते लिहूनच घे. ‘बघू, होईल’ यावर दोन वर्षं निघत नाहीत. सासूबाईंना संशोधन कळणार नाही म्हणून सांगायचं टाळू नकोस. टाचेचं सांग, त्यांनीही लेकरं वाढवलीत.

चार रकान्यांचा तक्ता आखलास की या पत्त्यावर पाठव, मी बघून देते. त्यावर बाळांची नावं घालू नकोस, आईचीही नाही, नुसते क्रमांक. आणि इन्चार्जची सही आधी घे.